संदेशाविना सहकार्य : विद्युत्-जालातील गव्हर्नर

एकाच जालास जोडलेली शेकडो जनित्रे परस्परांस काहीही न कळविता वाढलेला भार आपापसांत वाटून घेतात. ही घटना इतकी परिचित आहे की तिच्यातील नवल सहसा ध्यानात येत नाही. टर्बाइनच्या गव्हर्नरला केवळ स्वतःच्या दंडाची गती कळते. परंतु ती गती जालाच्या वारंवारतेशी बांधलेली असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाल उर्वरित देशाशी जोडले गेले; तेव्हापासून कोयनेचे यंत्र आणि केरळातील यंत्र एकाच वारंवारतेने बांधलेले आहेत. कोठेही भार वाढला की ती सर्वत्र उतरते, आणि तेवढी वार्ता पुरेशी होते.

गव्हर्नरचा नियम साधा आहे : गती उतरेल त्या प्रमाणात वाफ वा पाणी अधिक सोडावे. गतीत ५ टक्के घट झाल्यास पूर्ण क्षमतेइतकी शक्ती वाढावी, अशी योजना असल्यास ५० हर्ट्झच्या जालात ०.१ हर्ट्झ घटीने प्रत्येक यंत्र आपल्या क्षमतेच्या ४ टक्के शक्ती वाढविते. वाव शिल्लक असेल तर २०० मेगावॅटचे यंत्र ८, तर ५०० मेगावॅटचे २० मेगावॅट देते.

येथे विद्यार्थी विचारील की, गती तंतोतंत पूर्वपदावर आणणारा गव्हर्नर अधिक चांगला नव्हे काय? एकाकी यंत्रापुरता होय. तथापि असे दोन गव्हर्नर एकत्र आले की मापनातील अत्यल्प फरकामुळे एकास गती कमी भासते, दुसऱ्यास अधिक. पहिला झडप उघडीत जातो, दुसरा मिटीत जातो आणि सारा भार एकावरच येऊन पडतो. थोडी घट सहन करणारे गव्हर्नरच भार वाटून घेऊ शकतात; प्रस्तुत विषयात मला हेच सर्वांत बोधप्रद वाटते. राहिलेली घट भरून काढणे हे दुय्यम नियंत्रणाचे काम. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

स्थानिक नियमांतून सहकार्यच निपजते असे मात्र नव्हे. ३० जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर वाहिनीवरील रिलेने अतिभारालाच दोष समजून वाहिनी तोडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला, त्याही तुटल्या आणि उत्तरेचे जाल कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाले कोसळली. गव्हर्नरच्या कृतीने इतरांवरील ताण हलका होतो, रिलेच्या कृतीने तो वाढतो. म्हणून रिलेची मर्यादा ठरविताना शेजारची वाहिनी तुटल्यावर येणारा भारही हिशेबात धरावा लागतो.