करणी: आधी वर्गसंख्या हुडका

नववीतली भाची परवा वैतागली होती: "मामा, १/√२ लिहिलं तर काय बिघडतं? छेदातून मूळ काढायचंच कशाला?"

हातानं भागून बघ म्हटलं. १ ला √२ नं, म्हणजे १.४१४ नं भागणं कटकटीचं; पण १/√२ म्हणजेच √२/२, आणि १.४१४ चं निम्मं तोंडी, ०.७०७. कॅल्क्युलेटर नसताना परिमेयीकरणाचा, म्हणजे छेदातून मूळ काढण्याचा, हा रोकडा फायदा होता.

सरावात मात्र माझा भर सरलरूपावर. मुळाखालच्या संख्येत सर्वांत मोठी पूर्ण वर्गसंख्या शोधायची. √७२ म्हणजे √(३६×२), म्हणजे ६√२. इथे ९×८ घेतलं की ३√८ वर अडकून पुन्हा फोड करावी लागते.

मग √७२ + √५० − √९८ हे भीतीदायक प्रकरण ६√२ + ५√२ − ७√२, म्हणजे ४√२ होतं. सरूप करणींचीच (मुळाखाली तीच संख्या असलेल्यांचीच) बेरीज-वजाबाकी!

√९ + √१६ म्हणजे √२५ नव्हे. ३ + ४ = ७, आणि √२५ = ५. (ही चूक हुशार मुलंही करतात.)

छेदात √५ − २ असेल तर अंश-छेदाला √५ + २ नं गुणा. छेद ५ − ४ = १. मूळ गायब!

माझा लाडका प्रकार: √(७ + ४√३) = २ + √३. वर्ग करून पडताळा.

आता √(८ + २√१५) सोडवा. अडलात तर खाली विचारा.