हातोडा शोधताना सापडलेला खजिना

इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी नोव्हेंबर 1992 मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचे मित्र एरिक लॉज धातुशोधक यंत्र घेऊन आले. हातोड्याआधी सापडली रोमन काळातली नाणी आणि चांदीचे चमचे!

हे यंत्र चालते कसे? दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातूची वस्तू आली, की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात. त्यांचेही चुंबकीय क्षेत्र असते. ते यंत्राला जाणवते आणि यंत्र आवाज देते.

मात्र वस्तू कधी, कशी पुरली हे यंत्र सांगत नाही. ते कळते आजूबाजूच्या मातीवरून. काही वस्तू काढल्यावर लॉज यांनी खणणे थांबवले व संबंधितांना कळवले. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना कुजलेल्या लाकडी पेटीच्या खुणा आणि तिच्यातली मांडणी जागच्या जागी पाहता आली. जवळजवळ 15 हजार नाण्यांपैकी सर्वांत अलीकडची इ.स. 407-408 ची होती. अर्थात, खजिना त्याआधी पुरलेला असणे शक्य नाही.

आपल्या घरच्या शेतात असे काही सापडले तर? तिथेच थांबावे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, मग जमीन स्वतःची का असेना!