यारोमिर यागर: पन्नाशी उलटली तरी बर्फावर!

आइस हॉकीत तिशीनंतर फॉरवर्डचा, म्हणजे आघाडीच्या खेळाडूचा, वेग उतरू लागतो. यागर मात्र पंचेचाळिशीतही एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, खेळत होता!

जन्म 1972चा, चेकोस्लोव्हाकियातल्या क्लादनोचा. 1990 मध्ये एनएचएलच्या पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाने त्याला निवडलं आणि पहिल्या दोन्ही हंगामांत, 1991 आणि 1992 मध्ये, संघाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. पाठीवर कायम 68 नंबर. 1968 साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले, त्याच वर्षी त्याचे आजोबा गेले. हा नंबर त्याचीच आठवण.

त्याचा खरा खेळ बघायचा असेल तर पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, रिंकच्या कडेला असताना बघा. बचावपटूकडे पाठ करून तो गुडघ्यांत वाकतो, कंबर मागे रेटतो आणि लांब स्टिकने पक शरीरापासून दूर धरतो. मागचा गडी कितीही ढकलू दे, पकपर्यंत त्याची स्टिक पोचतच नाही. मग एक गिरकी, की यागर थेट गोलसमोर! वेग उतरल्यावरही त्याला तारलं ते याच ताकदीने.

1998 मध्ये नागानो ऑलिंपिकचं सुवर्ण. 2008 ते 2011 रशियात ओम्स्कला. लोकांना वाटलं, संपला. पण तो परत आला आणि एनएचएलमध्ये 1,733 सामने, 766 गोल, 1,921 गुणांपर्यंत (गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) पोचला. गुणांत पुढे फक्त कॅनडाचा वेन ग्रेट्स्की. माझ्या मते युरोपने दिलेला हा सर्वश्रेष्ठ फॉरवर्ड.

2018 मध्ये तो क्लादनोला परतला आणि स्वतःच्याच मालकीच्या क्लबकडून पन्नाशीनंतरही खेळला. त्याच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ जरूर शोधा, सुरुवात 1995-96च्या हंगामापासून करा. त्या एका हंगामात 149 गुण आहेत!