लायचा भात आणि कर्कपेशीची भूक

२०१८ साली रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातून बातमी आली: गठुवन, महाराजी आणि लायचा या छत्तीसगडच्या जुन्या भातवाणांच्या अर्कांनी प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखली. चाचण्यांत मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र सहभागी होतं आणि लायचा सर्वांत प्रभावी ठरला. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांनी गावोगावचे हजारो वाण जपले नसते, तर तपासायला हाती फार थोडं उरलं असतं.

पण वाढ रोखली म्हणजे पेशीच्या आत काय घडतं?

निरोगी पेशी प्राणवायूच्या मदतीने ग्लुकोज पूर्ण जाळते आणि एका रेणूमागे सुमारे ३० एटीपी, म्हणजे ऊर्जेचे रेणू, मिळवते. अनेक कर्कपेशी प्राणवायू असूनही ग्लुकोज अर्धवट फोडतात आणि जेमतेम २ एटीपी घेतात. जर्मनीच्या ओटो वॉरबर्ग यांनी हे १९२०च्या दशकात दाखवलं. हा सौदा वरवर तोट्याचा दिसतो. पण फोडलेल्या साखरेचे तुकडे नवा डीएनए आणि नवी पेशीपटलं बांधायला लागतात, आणि कर्कपेशीला घाई असते ती दुप्पट होण्याची. म्हणून ती साखर अधाशासारखी ओढते. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती यामुळेच. कर्कपेशीचे मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, बिघडलेले असतात असं वॉरबर्गना वाटलं होतं. बहुतेक गाठींत ते चालू असतात, असं पुढे कळलं.

त्यामुळे रसायनाला घाव घालायला दोन जागा मिळतात. साखर फोडणारी विकरं अडवता येतात, किंवा मायटोकाँड्रियाचं काम मंदावता येतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन हे दुसरं काम करतं. ऊर्जा आटली की पेशी विभाजन थांबवते. मायटोकाँड्रियाचं पटल फुटून आतली प्रथिनं बाहेर आली, तर पेशी स्वतःचा नाश सुरू करते.

पेशींची वाढ रोखली गेली का, हे मोजायची नेहमीची चाचणी एमटीटी. पिवळं रसायन पेशींवर घालतात, जिवंत पेशींची विकरं ते जांभळं करतात. जांभळा रंग फिका, तर जिवंत पेशी कमी. इथे जपून वाचायला हवं, कारण हा रंग पेशींची संख्या थेट मोजत नाही, त्यांची चयापचय क्रिया मोजतो. केवळ सुस्तावलेली पेशीही मेल्यासारखी दिसते. म्हणून दुसऱ्या चाचणीची जोड लागतेच.

शिवाय बशीतल्या पेशींवर पडतो तो मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क. ताटातला भात शिजतो, पचतो, यकृतातून जातो. रक्तात त्यातलं किती उरतं आणि गाठीपर्यंत किती पोचतं, हे रुग्णांवरच्या चाचण्यांतूनच ठरेल. घरात कोणी कर्करोगाशी झुंजत असेल, तर लायचा मिळाला म्हणून केमोथेरपीची एकही तारीख चुकवू नका.