झोप उडवणारी उधारी आणि रात्रीची २० मिनिटं

"सर, धंदा सुरू केल्यापासून डोकं शांत राहत नाही, काय करू?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मी स्वतः आधी काय केलं ते सांगतो. पहाटे ५ चा अलार्म, ध्यानाचं अ‍ॅप, थंड पाण्याची अंघोळ. ११ दिवस टिकलं. रात्री पडलो की डोक्यात परत तेच, गल्ल्यात किती होते आणि कोणाकडे किती अडकलेत?

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. बीबीएला अकाउंट्समध्ये चांगले मार्क होते, पण स्वतःचा गल्ला मी महिना-महिना जुळवत नव्हतो. कारण खरं सांगू? आकडा बघायची भीती वाटायची.

मग एकच नियम धरला. रात्री साडेआठला शटर अर्धं खाली, २० मिनिटं वही. सकाळची शिल्लक अधिक दिवसभरात आलेली रोख, वजा रोखीने गेलेला खर्च; येणारा आकडा आणि गल्ल्यातले पैसे जुळायला हवेत. यूपीआयचा हिशोब वेगळ्या रकान्यात. फरक आला तर ओढूनताणून जुळवायचा नाही, जसा आहे तसा लिहायचा. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीनशे रुपये कमी. चोर कोण निघाला? मीच! चहा, पेट्रोल, पोरांचा खाऊ, सगळं गल्ल्यातून, चिठ्ठी न ठेवता.

गल्ला सुधारला, पण त्याच वहीत उधारी दिसायला लागली. १ लाख ८० हजार! व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकायचो, निळी टिक यायची, उत्तर नाही. मनात प्रत्येकाला शिव्या. एका वायरमनचे २३,४०० रुपये होते. वायरची बंडलं, एमसीबी, स्विच नेलेले. तो आता दुकानावरून न जाता मागच्या गल्लीने जायचा.

गुरुवारी दुकान बंद असतं, सरळ त्याच्या घरी गेलो. दार उघडलं तर हात प्लास्टरमध्ये. शिडीवरून पडला होता, आणि ज्या बिल्डिंगचं काम केलं तिथले पैसेही अडकलेले. म्हणाला, "शेठ, तोंड दाखवायची लाज वाटत होती." वहिनींनी चहा ठेवला. पाऊण तास बसलो, त्यातली दहा मिनिटं पैशांवर गेली असतील. काम सुरू झालं की आठवड्याला १,५०० द्यायचे ठरलं. बाकी रक्कम आणि तारीख वहीत लिहून त्याची सही घेतली.

ही सही संशय म्हणून घ्यायची नसते. दिलेल्या मालाच्या पैशांसाठी कोर्टात जायला साधारण ३ वर्षांची मुदत असते. त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात. उद्या वाद झालाच तर कागद बोलतो, आपल्याला आवाज चढवावा लागत नाही.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. भावाचा अर्धा वाटा मात्र त्याला आधी देऊन टाकला होता! हिशोब तिथेही चोख. आपल्याला दुकान चालवायचंय, सगळंच बुडवता येणार नाही. पण काही बुडवावं लागतं. दुसऱ्या एकाच्या घरी गेलो तर त्याने दारातच सुनावलं. ६,२०० रुपये होते. तीन फेऱ्या मारल्या, मग त्या नावावर काट मारली आणि उधारी कायमची बंद केली.

वायरमनने दोन हप्ते चुकवले, पण दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगून गेला. अजून ४,००० बाकी आहेत. आता तो नवीन काम मिळालं की आधी माझ्याकडे येऊन सामानाची यादी काढतो, आणि मीही गिऱ्हाइकांना त्याचा नंबर देतो.

तुम्ही आज रात्री फक्त गल्ला मोजा. उधारीची यादी रविवारी काढा, आणि सगळ्यात मोठ्या रकमेपेक्षा ज्या माणसाला तुम्ही टाळताय, त्याच्याकडे आधी जा. जाताना मेसेज करू नका, फोन करून जा.