छातीवरचा पट्टा, खांद्याची चाल
माणसाचा खांदा गळ्याजवळच्या हाडाने धडाला जोडलेला असतो. कुत्र्यात ते हाड जवळजवळ नसतंच. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले, आणि अंगाचा सुमारे ६० टक्के भार त्यांच्यावरच. हार्नेसचा छातीवरून आडवा जाणारा पट्टा नेमका या खांद्यांच्या वाटेत येतो.

खांदे मोकळे राहावेत म्हणून ‘वाय’ आकाराच्या हार्नेसची शिफारस होते. पण २०१९मध्ये ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’मध्ये छापलेल्या अभ्यासात खांद्याची पुढची झेप आडव्या पट्ट्याच्या आणि ‘वाय’ अशा दोन्ही प्रकारांत घटली, गंमत म्हणजे ‘वाय’मध्ये जास्त!

तेव्हा हार्नेस घेताना आकाराच्या नावाला भुलू नये, माप पाहावं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकावीत, पोटाकडचा पट्टा कोपराला घासू नये. मग दुकानाबाहेरच कुत्र्याला दुडक्या चालीने पळवावं आणि बाजूने निरखावं: पाऊल आखडतंय का?