भूत थांबेल, घाई नको!

दोस्तांनो, ‘तुंबाड’ (२०१८) सिनेमातल्या त्या भयंकर आजीचं गुपित सांगू? मेकअपखाली होता मोहम्मद समद, चक्क एक मुलगा!

२०२४ साली ‘तुंबाड’चा दुसरा भाग जाहीर झाला नि वर्गात एकच गलका, “बाई, आम्ही बघणार!”

जरा थांबा. पहिल्या भागाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. माझ्या एका विद्यार्थ्याने तो चोरून पाहिला. मग आठवडाभर स्वारी एकटी झोपायला तयार नव्हती!

म्हणून पोस्टरवरचं भूत बघण्याआधी प्रमाणपत्र वाचा. ‘यूए’मध्ये आता ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आहेत. त्याहून लहान असाल तर आई-बाबांना विचारा. आणि आई-बाबा, ‘नाही’ म्हणताना कारणही सांगा बरं का!

भूत थांबेल. त्याला कुठे शाळेत जायचंय?